मी अक्षताच्या कॅप्सूलचा खोका

मी पुठ्ठ्याचा खोका आहे, हाताच्या पंजाएवढा. माझ्या अंगावरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मला कुणी वाचत नाही. माझ्याबद्दल मत बनवायला मात्र सगळे तयार असतात.

जालन्याच्या एका औषध दुकानातून मला अक्षताने घेतलं. तिचं पहिलं बाळ सहाव्या महिन्यातच जन्मलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचं तोंड आखूड झालेलं दिसलं. डॉक्टरबाईंनी माझं नाव लिहून दिलं. गर्भ टिकवणारं हार्मोन बाईच्या अंगात असतंच, ते थोडं वरून द्यायचं. रोज झोपताना एक कॅप्सूल, तीही गिळायची नाही, खालून आत ठेवायची. हमी नाही, पण वेळेआधी बाळंत होण्याचा धोका कमी होतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

घर कुंभार पिंपळगावजवळ, मोसंबीच्या बागेत. सासूबाई गिरिजाबाईंना हार्मोन हा शब्द नवा नव्हता. फळगळ थांबवायला सासरे साहेबराव बागेवर झाडांचं हार्मोन फवारत. फवारून आले की त्यांचे कपडेसुद्धा वेगळे धुतले जात. असलं काही सून अंगात घालते, हे बाईंना मुळीच पटेना. अक्षता दुपारी झोपली होती, तेवढ्यात त्यांनी मला पत्र्याच्या खोलीत, फवारणीच्या बाटल्यांशेजारी नेऊन ठेवलं. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना ते नातवंड जिवापाड हवं होतं. पण पत्रा तापला आणि माझ्या पोटातल्या कॅप्सूल पार मऊ पडल्या.

संध्याकाळी अक्षताने घर पालथं घातलं. मी सापडलो तेव्हा मला हातात घेऊन ती थेट सासूबाईंसमोर उभी राहिली.

"आत्या, ती दवा झाडाची, ही बाईची. मागच्या टायमाला नशीब म्हणून आपण गप बसलो. आता मी बसणार न्हाई. उद्या माझ्यासंगं दवाखान्यात चला आन् काय विचारायचं ते डॉक्टरणीला विचारा."

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेबराव शांतपणे म्हणाले, "फळ गळाल्यावर फवारतो का आपण? आधीच फवारतो ना? मंग तिला कामून अडवून राह्यली?"

डॉक्टरबाईंनी फोनवर तापलेल्या कॅप्सूल वापरू नका म्हणून सांगितलं. अक्षताच्या नवऱ्याने, प्रेमने, लगेच मोटारसायकल काढून नव्या पट्ट्या आणल्या आणि माझ्यातच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी दवाखान्यात इतके प्रश्न विचारले की बाहेरच्या बाया ताटकळल्या. तेव्हापासून मी माठाशेजारच्या थंड कोनाड्यात राहिलो, आणि सुनेला रोज आठवण करून देण्याचं काम सासूने स्वतःकडे घेतलं.

नवव्या महिन्यात डॉक्टरबाईंनी औषध थांबवलं. पुढे पूर्ण दिवसांची मुलगी झाली. माझं काम संपलं, आता चुलीत जाणार असंच मी धरून चाललो होतो. पण बाळाची सुकलेली नाळ गळून पडली, तेव्हा गिरिजाबाईंनी ती मऊ कापडात गुंडाळून माझ्यात ठेवली. शेजारच्या बेबीनंदाने विचारलं, एवढ्या मोलाच्या वस्तूला पुठ्ठ्याचा खोका कशाला?

"राहू दे त्यातच," गिरिजाबाई म्हणाल्या. "पहिल्याची नाळ गळायच्या आधी लेकरूच गेल्तं."