थांबा म्हटल्यावर

आमच्या भाऊजींना ‘थांबा’ म्हटलेलं कळत नाही, असं मी चार महिने सगळ्यांना सांगत होते. समोर कागद दिसला की घडी घालायची. विजेचं बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, नातीच्या परीक्षेचा निकाल असो. “अहो, निकाल आहे तो!” मी ओरडायची. “हो वहिनी,” म्हणायचे आणि आणखी एक घडी घालून वर नख फिरवायचे. मला वाटे, माझ्या नाकावर टिच्चून चाललंय.

आमचं पुस्तकबांधणीचं दुकान. हे गेल्यापासून मी सांभाळते. कटिंग मशीनवर माझे धाकटे दीर, हेच भाऊजी, बत्तीस वर्षं. सूनबाई गठ्ठा लावून “हं” म्हणायची, ते दांडा ओढायचे. कागद सरकला तर ती “थांबा” म्हणणार आणि पातं तिथल्या तिथे उभं. या धंद्यात त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, ती काय उगाच?

मग ते जिन्यावरून पडले. डोक्याची जखम भरली, पण हे घड्यांचं खूळ लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक खेळ मांडला. दिवा लागला की बटण दाबायचं, लगेच घंटा वाजली तर दाबायचं नाही. भाऊजी घंटेलाही दाबायचे आणि दाबतानाच म्हणायचे, “चुकलं.” बाई म्हणाल्या, “हात चालवणं वेगळं आणि निघालेला हात अडवणं वेगळं. अडवण्याच्या कामात मेंदूचा पुढचा भाग लागतो, तिथेच मार बसलाय. कळतं त्यांना सगळं.”

मी चौथी शिकलेली, पण मलाही अक्कल आहे म्हटलं. बत्तीस वर्षांचा हात एका पायरीने विसरतो होय? सोमवारी त्यांना मशीनवर उभं केलं. सूनबाई गठ्ठा लाकडी पट्टीने लांबूनच ढकलायला लागली.

“चुलतसासरे आहेत ते तुझे, वाघ नव्हेत,” मी म्हटलं. “सरक, मी दाखवते.”

रद्दीचा गठ्ठा लावला. “हं.” दांडा निघाला. “थांबा!”

“थांबतोय, वहिनी, थांबतोय,” भाऊजी म्हणत होते आणि दांडा खाली येत होता. त्यांनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरलं. पातं फळीला टेकलं.

“पुन्हा लावा,” ते म्हणाले.

तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी “हं” म्हणायच्या आधीच त्यांचे डोळे भरले होते.

“गठ्ठा मीच लावीन,” ते म्हणाले. “कुणी जवळ यायचंच नाही. घरी बसून काय करू, वहिनी? कुकरच्या शिट्ट्या मोजू?”

सूनबाई माझ्याकडे बघत होती. हात तिने पदरात घेतले होते.

मी मशीनला साखळी घातली, कुलूप लावलं.

“भाऊजी, डॉक्टरीणबाईंचं ऐकलं नाही, ते माझं चुकलं. तुमचं काही चुकलं नाही. पण आजपासून तुमचा हात या मशीनला लागणार नाही. रडा, भांडा, वर्षभर माझ्याशी बोलू नका. हिची बोटं मी पणाला लावणार नाही, आणि तुमचीही नाही.”