महादेवाचा श्वास

"श्वास घेतोय! अगं बया, देव श्वास घेतोय!"

आवडाबाई गाभाऱ्यात ओरडली आणि बाहेरची अख्खी रांग उंबऱ्यावर कोसळली. मी पुढंच होते. महादेवाची पिंड पाण्यात बुडालेली, अन् तिच्या पाठीमागून बुडबुड, बुडबुड करत पांढरे बुडबुडे वर येत होते. पाणी तर असं नितळ, की तळातल्या बेलाच्या पानाच्या शिरा दिसाव्यात.

"नुसता श्वास नाय गं, घोरतोय पण," मी म्हटलं. "कान लावून ऐका."

सगळ्यांनी कान लावले. खरंच बारीक घरघर येत होती! बायकांनी हात जोडले. संध्याकाळपर्यंत माझं ते घोरणं चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत गेलं. जालन्याहून आलेल्या एका बाईनं मलाच सांगितलं, की देव कूस बदलताना लिंग हललेलं तिनं स्वतः पाहिलं. मी म्हटलं, "व्हय, मीपण पाहिलं." माझा विश्वास होता का? छे! पण गोष्ट इतकी झकास चालली होती, मधेच कोण तोडणार?

ते साल लई वाईट होतं. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. इकडं शहर वाढतच होतं. आमच्या कॉलनीच्या पलीकडं रोज नवी बिल्डिंग उभी राहायची, अन् नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. मग म्हाताऱ्या माणसांनी जुना उपाय काढला: महादेव कोंडायचा. गाभारा भरून देवाला पाण्यात बुडवायचं. जीव घाबरा झाला की देव आपोआप पाऊस पाडतो म्हणे. घरटी एक तांब्या पाणी आणून गाभाऱ्यात ओतायचं ठरलं. ज्यांच्या घरी भांडी राखेनं घासली जात होती, त्यांनीपण ओतलं.

पुजारी कडुबा मूळचा पाचोडकडचा. तोवर बिचारा घंटा पुसायचा अन् प्रसादाचे फुटाणे मोजून द्यायचा. बुडबुडे दिसले त्या दिवशी त्यानं भगवं उपरणं घेतलं अन् आठवड्यात कडुबा महाराज झाला.

"हे पाणी साधं समजू नका, मायबाप!" तो सांगायचा. "साक्षात पाताळगंगा! महिना झाला, वास नाय, शेवाळ नाय! देवाच्या श्वासानं शुद्ध झालेलं तीर्थ! हगवण, कावीळ, मूळव्याध, सासूचा राग, सगळ्यावर एकच पळी!"

"लाईट गेल्यावर श्वास का थांबतो, महाराज?" कुणीतरी विचारलं.

"देव समाधीत जातात," महाराजांनी पडदा ओढला. देवाची समाधी अन् आमचं लोडशेडिंग दोन्ही एकाच टायमाला लागायचं, एकाच टायमाला सुटायचं. कुणाला काही वाटलं नाय.

गर्दी वाढली तशी एका पुढाऱ्यानं भाविकांसाठी रोज टँकर चालू केला. भाविक पिऊन पिऊन किती पिणार? उरलेलं सगळं आमच्या कॉलनीच्या ड्रमात. दुष्काळात आम्ही चक्क कपडे धुवायला लागलो. मग कोण म्हणणार, की देव श्वास घेत नाय?

एक माणूस तेवढा या आनंदात नव्हता. आमचे हे. अनंतराव. रिटायर झाल्यापासून यांना एकच नाद: जुन्या वस्तूचं काहीतरी नवं करायचं. मिक्सरच्या मोटारीचा पंखा केला, सायकलच्या चाकाचा कपडे वाळवायचा फिरता दांडा केला. घरात माशांची काचपेटी होती, तिला पाणी परवडेना म्हणून मासे उस्मानपुऱ्याच्या दुकानदाराला देऊन टाकले. पेटीत मी कांदे भरले. आतलं मशीन कुठं गेलं विचारलं, तर म्हणाले, "भंगारात."

तीर्थ समोर आलं की हे हात मागं घ्यायचे. टँकरचं पाणी घरात आलं की जेवण जायचं नाय. "पित्त झालंय," म्हणायचे. मी ओवा दिला.

मग वरच्या मजल्यावरची स्वराली आजारी पडली. दीड वर्षाची पोर. जुलाब थांबेनात. तिच्या आईनं, प्रमोदिनीनं, डॉक्टरचं औषध दिलं तर पोरीनं उलटून टाकलं. झालं, प्रमोदिनी तिला उचलून रोज देवळात न्यायला लागली. महाराज म्हणाले, "तीर्थ सोडून पोटात दुसरा थेंब नको. श्रद्धा विटाळते."

विशाखा आमच्या शेजारची, दवाखान्यात नर्स. ड्युटीवरून आली ती तशीच देवळात गेली अन् परत येऊन आमच्या दारात उभी राहिली.

"काका, तुम्ही तरी बोला तिला. पोरीचे डोळे खोल गेलेत. रडतेय तर डोळ्यातून पाणी येईना. मी मीठ-साखरेचं पाणी पाजायला गेले तर प्रमोदिनीताईनं माझा हात झटकला. म्हणाली, तुमच्यात देव मानत नायत, तुला काय कळणार?"

"मग आता?" मी विचारलं.

"आता सलाईन लागंल, काकू. उशीर केला तर पोर हातची जाईल. अन् ते तीर्थच पाजतायत तिला, चमचा चमचा! तीर्थ पिणारे कितीतरी जण या आठवड्यात आमच्याकडं जुलाब घेऊन आलेत."

यांच्या हातातला पाना खाली पडला.

"पाणी नितळ आहे," हे म्हणाले. "शुद्ध नाही."

"तुम्हाला काय माहीत?" मी म्हटलं.

चपला न घालताच हे निघाले. विशाखा अन् मी मागोमाग.

देवळात आरती चालू होती. स्वराली आईच्या मांडीवर चिंधीसारखी पडलेली. हे सरळ गाभाऱ्यात, विजारीसकट पाण्यात उतरले.

"अहो काका! विटाळ!" कडुबा ओरडला.

"गप रे. तुला सगळं माहीत आहे. प्रमोदिनी, बाळ, इकडं ये. पोरीला विशाखाकडं दे अन् या ताटांच्या फळीमागं हात घाल. बटण आहे. दाब."

"काका, मी नाय देवाच्या…"

"दाब म्हणतो ना! तुझ्याच हातानं."

प्रमोदिनीनं बटण दाबलं. बुडबुडे थांबले. घरघर थांबली. आरतीपण आपोआप थांबली.

"आता परत दाब."

देव श्वास घ्यायला लागला.

कुणीतरी हसलं. यांनी पिंडीमागचा दगड सरकवला, हात घालून काळं प्लास्टिक वर काढलं, त्याला लोंबणारी नळी. मी बघितलं अन् लगेच ओळखलं. आमच्या काचपेटीतलं मशीन! माझं घोरणं ते हेच.

"माशांच्या पेटीतला फिल्टर," हे म्हणाले. "मोटार पाणी ओढते, स्पंज कचरा धरतो, कोळसा वास मारतो. या नळीतून हवा जाते, तिचे बुडबुडे. मीच बसवला. कोंडलेलं पाणी सडू नये, बदलायला नवं पाणी नव्हतं म्हणून. कडुबा म्हणाला, देवासमोर प्लास्टिक बरं दिसत नाही, म्हणून दगडाआड ठेवला. स्पंज कचरा धरतो, पण जुलाबाचे जंतू नाही धरत. तेच पाणी फिरतंय, सगळ्यांच्या हातापायाचं."

"अन् मग पहिल्याच दिवशी का नाय बोललात?" गर्दीतून आमच्या कॉलनीतला अप्पाराव गरजला.

"बोलणार होतो. मग टँकर आला."

प्रत्येकाच्या घरी भरलेला ड्रम होता. कडुबा उपरणं काखेत मारून मागच्या दारानं गेला, त्याला कुणी अडवलंपण नाय.

विशाखा तोवर पोरीला घेऊन रिक्षात बसली होती. प्रमोदिनी धावली. सलाईन लागली, चार दिवस पोर दवाखान्यात होती, वाचली. टँकर दुसऱ्या दिवशीच बंद झाला. रिकामी घागर घेऊन आवडाबाई दारावरून जाताना ऐकू येईल असं म्हणायची, "खरं बोलून काय मिळालं? आमचं पाणी घालवलं!"

प्रमोदिनी घरी आली त्या दिवशी हे वर गेले, मी मागं. ती पोरीला पेज भरवत होती.

"काका, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"व्हय."

"माझ्या पोरीला चमचा चमचा तीर्थ पाजायला नेताना मी तुमच्या खिडकीसमोरून जायची. रोज."

"व्हय."

ती पेज भरवत राहिली. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. आम्ही उभ्या उभ्याच परत आलो.

मी थापा मारणारी बाई, पण हे एवढं खरं सांगते. देव श्वास घेतो, मूर्ती दूध पिते, तीर्थानं रोग जातो असं कुणी सांगितलं, तर हात जोडायच्या आधी विचारा: लाईट गेल्यावर काय होतं? दगडामागं काय आहे? पाणी नितळ दिसलं तरी उकळून प्या, अन् लेकराला जुलाब झाले की देवळात नाय, दवाखान्यात न्या. आणि ज्याला बटण कुठं आहे ते माहीत आहे, त्यानं पहिल्याच दिवशी सांगावं. टँकर येवो, नाय येवो.