नानासोची मेलेली डिस्क

नानासोच्या जिभेला काय हाड हाय का? सोनमची हार्डडिस्क जोडली, पडद्यावर एक ओळ आली, आन् हा गडी न वाचताच म्हणतो, "मेली. फॉरमॅट मारावी लागंल."

सांगलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास, मी तिथं शिकवती. गेल्या महिन्यात माझीबी डिस्क त्यानं अशीच मेली म्हणून पुसली. तीत माझ्या आबांचा आवाज होता. जतकडं मेंढरांमागं फिरलेला माणूस. त्यांच्या ओव्या मी माईक लावून भरून घेतल्या होत्या. पावसाळ्यात आबा गेले. डिस्कबी गेली म्हटल्यावर मी रडले आन् गप बसले.

पण कुंडलच्या ह्या सोनमचा सगळा प्रबंध त्या डिस्कवर. सोमवारी साताऱ्याच्या कॉलेजात द्यायचा.

"थांबा वो नानासो," मी म्हटलं, "ओळ काय म्हणतीया ती तरी वाचा!"

"आवं बयाबाई, लिनक्स मी टाकलंय. त्याचा कर्नल मी सोता बनवलाय. मला शिकवू नका."

बनवलाय म्हणं! कर्नल म्हंजे लिनक्सचा गाभा. डिस्कवरची मांडणी, म्हंजे फाइलसिस्टिम, त्याला वळखता आली तरच आतलं दिसतं. सोनमची डिस्क विंडोजची, मांडणी व्हीफॅट. ओळीत सरळ लिवलं होतं, ह्या कर्नलला व्हीफॅट येत न्हाई. मी कीबोर्ड वढला आन् कर्नलला काय काय येतं त्याची यादीच मागवली:

cat /proc/filesystems

लिनक्सची मांडणी होती, सीडीची होती. व्हीफॅटचा पत्ता न्हाई.

"घ्या! नाचता येईना, अंगण वाकडं! व्हीफॅट घालायचं तुमी इसरला, आन् मेली व्हय डिस्क?"

जुना कर्नल अजून मशीनवर होता. त्याच्यावर मशीन चालू केलं, त्याच्या यादीत व्हीफॅट होतं. डिस्क जोडली. प्रबंध जसाच्या तसा! सोनमनं मला मिठीच मारली.

मी मात्र नानासोकडं वळले.

"नवा कर्नल कवा बसवला?"

"दिवाळीत."

माझी डिस्क मी त्याच्याकडं दिवाळीनंतर आणलेली. तीबी विंडोजचीच.

"माझ्या डिस्कला काय आलं होतं पडद्यावर?"

नानासो खाली बघत म्हणाला, "हीच ओळ."

म्हंजे आबांचा आवाज जिता होता. ह्यानं तो माझ्यासमोर पुसला, आन् लय तरास घेतला म्हणून वर मीच त्याला च्या पाजला.