इच्छा राहायला नको

घोडेगावच्या बाजारात ज्यांनी उभा जन्म दलाली करून लोकांची जनावरं या दावणीची त्या दावणीला बांधली, त्या बिभीषण हेड्यांना केमो सुरू झाली आणि त्यांच्या घरी खाण्यापिण्याची नुसती चंगळ उडाली. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, हे आपल्याकडे पोरंटोरंही जाणतात. साध्या आजाराला बिस्किटाचा पुडा चालतो. पण 'तो' आजार असला तर माणसाच्या आवडीचं काहीतरी करून न्यावं लागतं. कॅन्सर हा शब्द गावात कोणी उच्चारत नाही, न जाणो आपल्याच अंगावर येऊन बसायचा. आवडीचं न्यायचं, कारण इच्छा राहायला नको. इच्छा राहिली की जीव घुटमळतो, जीव घुटमळला की दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नाही, आणि मग ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळ्या पाहुण्यांना घाटावर ताटकळत बसावं लागतं. त्यापेक्षा आधीच खाऊ घातलेलं बरं.

म्हणून कोणी मासवड्या आणल्या, कोणी धपाटे, कोणी गावरान कोंबड्याचा रस्सा. यायचं ते डोळे पुसतच. मग बिभीषण आण्णांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायचं, "लई वाळले वो" म्हणायचं, आणि आपल्या साडूला किंवा चुलत सासऱ्याला अगदी हेच कसं झालं होतं व तो बघता बघता कसा गेला, ते चहा येईपर्यंत सांगायचं. चहा झाला की धीर द्यायचा. "काळजी करू नका, समदं त्याच्या हातात हाय," असं म्हणून वर बोट दाखवायचं आणि एसटी गाठायची.

हे सगळं बघून सत्यशीलाचं रक्त खवळायचं. ती आण्णांची थोरली लेक, काष्टीला दिलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून वडिलांचं करायला ती घरदार नवऱ्यावर सोपवून माहेरी आली होती. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला साफ सांगितलं होतं, "गाठ आटतेय. औषध लागू पडतंय. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस मला देता येणार नाही. उलट्या थांबल्यात, तोंड आलेलं बरं झालंय. मग जेवत का नाहीत?"

तेच तर सत्यशीलाला कळत नव्हतं. घरात डबे मावत नव्हते आणि आण्णा ताट पुढे आलं की तोंड भिंतीकडे फिरवत होते. औषधाने वाचणारा माणूस भरल्या घरात उपाशी मरायला निघाला होता.

तिने धाकट्या भावाला, कल्याणला, बाजूला घेतलं. "ह्या लोकांना यायचं बंद कर. डॉक्टरीणबाईंनी बी गर्दी नको म्हनून सांगितलंय."

"अक्का, दारात आलेल्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?" कल्याण म्हणाला. "उद्या आपल्या दारात कोन यील?"

उद्या म्हणजे नेमकं कधी, ते त्याने सांगितलं नाही. तसा पोरगा वाईट नव्हता. रोज सकाळी बापाच्या उशाशी बसून "आण्णा, काही खावंसं वाटतंय का? मनात काही ठिवू नका," असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत स्वतःच हुंदका द्यायचा. बापाची सेवा म्हणतात ती हीच, असा त्याचा समज होता.

शेवटी सत्यशीलाने स्वतः पदर खोचला. पुरण शिजवलं, वाटलं, मऊसूत पोळी लाटली, वर तुपाची धार धरली आणि ताट घेऊन आण्णांपुढे बसली. घास मोडून त्यांच्या ओठांशी नेला. तिचे डोळे भरून आले होते.

आण्णांनी घासाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"सती, बैल इकला म्हंजी दावं सोडायच्या आदी घरची बाई काय करती?"

"आता मदीच बैल कुठनं आला?"

"सांग की."

"हळदकुंकू लावती. घास भरवती."

"गोडाचा घास," आण्णा म्हणाले. "जलमभर कडबा खाल्लेल्या जनावराला त्या दिशी पोळी मिळती. बाई रडती, मालक तोंड फिरवतो, आन दावं माझ्या हातात येतं. जनावराला काय कळत न्हाई असं तुमाला वाटतं. मी बघितलंय, त्याला कळतं. चांगला बैल त्या घासाला तोंड लावत न्हाई. महिना झाला, रोज कोनतरी माझ्या तोंडाशी गोड घास आनतंय. आन आज तू बी."

सत्यशीलाच्या हातातला घास तसाच राहिला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की ती चिडायची, तशी ती चिडली. ताट उचलून तिने कल्याणपुढे आदळलं. "घे, तू खा. तुझी इच्छा राहायला नको!" स्वयंपाकघरात जाऊन तिने वाडग्यात भाकरी कुस्करली, वर गरम दूध ओतलं आणि वाडगा आण्णांसमोर ठेवला.

"ही खावा. ह्यात निरोप न्हाई. उद्या बी हीच हाय, परवा बी हीच. आन माझी म्हैस भाकड झालीया, नवी घ्यायचीय. तुमी दात बघून दिल्याबिगर मी घेनार न्हाई. कल्याणला धाडलं तर तीन सडाची आनील."

आण्णांच्या गालाची सुरकुती हलली. "म्हशीला बाजारात जावं लागतं."

"मंग जायला ताकद लागती. दोन भाकरी."

"दोन? अर्धी."

"असं उघड्यावर बोलत्यात का हेडी लोक?"

आण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. भाव तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवायचा, म्हणजे भोवतीच्या चार लोकांना कळत नाही, ही बाजाराची जुनी रीत. बाईमाणसाने तिथे हात घातलेला बाजाराने कधी पाहिला नसेल. सत्यशीलाने घातला. तिने दोन बोटं दाबली.

"जरा जोरानं दाब," आण्णा हळूच म्हणाले. "औषधानं बोटं बधिर झाल्यात. भाव कळंना."

तिने जोरात दाबली. त्यांनी एक दाबलं. ती हटेना, तेही हटेनात. पाठीत बाक आलेला, डोक्यावर केस न उरलेला तो माणूस कितीतरी दिवसांनी भांडत होता. सौदा दीड भाकरीवर पटला, आणि शब्द दिल्यावर हेडी फिरत नसतो म्हणून आण्णांना ती खावी लागली.

त्यानंतर सौदा रोज व्हायला लागला. दुधाचा, अंड्याचा, अंगणात चार फेऱ्यांचा. पुढच्याच आठवड्यात विजयमाला आत्या आल्या. आण्णांची ही धाकटी बहीण हातात शेवयांच्या खिरीचा डबा आणि तोंडात हुंदका घेऊनच उंबरा ओलांडायची.

"दादा, तुझी आवडती खीर आनलीया रं. खा. मनात काही राहू दिऊ नगो!"

आण्णांनी खीर खाल्ली. सगळी. आत्या बघतच राहिल्या. वाटी खाली ठेवून आण्णा खोल आवाजात म्हणाले, "विजे, एक इच्छा राहिलीच बग."

अख्खी खोली पुढे झुकली. कल्याणने हुंदक्याची तयारी केली.

"कोनती रं दादा?"

"सांगीन कवातरी. घाई न्हाई. आन पुढच्या टायमाला येलची जरा जास्त घाल."

ही बातमी गावभर झाली. बिभीषण हेड्याची एक इच्छा राहिलीय आणि ते सांगत नाहीत! आता काय करायचं? इच्छा कळल्याशिवाय पुरवता येत नाही आणि पुरवल्याशिवाय माणसाने जाणं बरं नाही. लोकांची मोठीच पंचाईत झाली. डबे हळूहळू कमी झाले. ज्याला निरोप द्यायचा तो जायचं नावच घेत नसेल, तर मासवड्यांचा खटाटोप करायचा कुणी?

नगरला काट्यावर आण्णा उभे राहिले. वजन उतरलं नव्हतं, उलट जरासं चढलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मान हलवली आणि डोस लावायला सांगितलं.

डाव्या हाताला सुई होती. बाटलीतलं औषध थेंब थेंब उतरत होतं. आण्णांनी उजव्या हाताने उपरणं ओढून सत्यशीलाच्या हातावर टाकलं. ती वाट बघत राहिली. या औषधानंतरचे दिवस किती वाईट जातात, अन्नाचा वास सुद्धा कसा नको होतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. आज ते अर्ध्या भाकरीवर आले तरी सौदा मोडू द्यायचा नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

बधिर बोटांनी चाचपडत आण्णांनी तिची बोटं शोधली. आणि दाबली. एक नाही, दीड नाही, दोन.

सत्यशीलाने मान खाली घातली. आजवर कोणासमोर न सांडलेलं पाणी तिच्या नाकाच्या शेंड्यावरून उपरण्यावर टपकलं.

"ए, रडू नगं," आण्णा डोळे मिटूनच पुटपुटले. "भवतीच्या लोकांना भाव कळतो."