सावळीचा आडोसा

माधव नगरच्या घरात माशांची टाकी आली तेव्हा चारुलताबाईंनी चांगलंच नाक मुरडलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर नवरा, यज्ञेश्वरराव, वर्षभर खिडकीशी मुका बसला, आणि तोंड उघडलं ते माशांपुढे. हे कोणत्या बायकोला मानवेल? पण उघडलं, हेही खरं. सकाळचा चहा पुन्हा गप्पांचा झाला, आणि तो सावळीमुळे. सावळी म्हणजे त्यांची काळी मोली जातीची मासोळी, अंडी न घालता थेट पिल्लं देणारी.

घोळ घातला तो बाईंनीच. महिन्यापूर्वी सावळी व्याली, तेव्हा यज्ञेश्वररावांनी तिला लगेच बरणीत वेगळं काढलं. ते बघून बाईंचा जीव कळवळला.

"बाळंतिणीला पोरांपासून कोणी तोडतं का? सव्वा महिना तरी जवळ राहू द्या," म्हणत त्यांनी तिला स्वतःच्या हाताने परत टाकीत सोडलं. सकाळी एकही पिल्लू उरलं नव्हतं. आईसाहेब पोट भरून मजेत फिरत होत्या.

यज्ञेश्वरराव एका शब्दाने रागावले नाहीत, तेच बाईंना लागलं. "पुढच्या वेळीही असंच झालं तर टाकी केदारला देऊन टाकू," एवढं म्हणून ते खिडकीशी जाऊन बसले.

आता सावळीचं पोट पुन्हा टम्म झालं आणि बाईंना धास्ती लागली. टाकी गेली की हा माणूस पुन्हा मुका होणार. त्यांनी गुपचूप नानाखेड्याच्या केदारला, म्हणजे भाच्याला, फोन लावला.

"मामी, परेशान नका होऊ. पिल्लांना लपायला जागा करा, बस."

स्वेटरची हिरवी लोकर उरलेली होती. बाईंचं माहेर भैरवगढचं, कापड छापणाऱ्यांच्या शेजारचं. कच्च्या रंगाचं त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पाणी अगदी नितळ निघेपर्यंत त्यांनी लोकर सात वेळा उकळली, बुचाला बांधून तिचा दाट गोंडा केला आणि टाकीत सोडला.

"हे काय?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"आडोसा. बाळंतिणीच्या खोलीला असतो ना."

गुरुवारी दोघं इंदूरला मुंजीला गेले, आणि सावळीने नेमका तोच दिवस गाठला. संध्याकाळी येऊन बघतात तर तिचं पोट सपाट आणि टाकीत पिल्लू एकही नाही. यज्ञेश्वरराव चपला न काढताच खिडकीशी बसले.

बाईंनी काचेला नाक लावलं. लोकरीत दोन काळे ठिपके हलले. मग आणखी दोन. ते डोळे होते.

"अहो, जरा इकडे या."

आधी सावळीची रवानगी बरणीत झाली. बाईंनी स्वतः बरणी धरली. मग यज्ञेश्वररावांनी मोजायला घेतलं. तेरापर्यंत जायचे, पिल्लं हलायची, की पुन्हा एकपासून. शेवटी त्यांनी केदारला फोन लावला.

"टाकी तुला द्यायची म्हणत होतो, ते विसर. उलट एक बडी टाकी बघून ठेव. आणि ऐक, तुझ्या मामीने काय केलं..."

पाऊण तास ते बोलत होते. बाई स्वयंपाकघरातून मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. टाकीवरून एकदा ओवाळल्या, आणि मग मागे उभं राहून, बोलणाऱ्या नवऱ्यावरून सावकाश तीनदा.