टेकडीतला कोबाल्ट

बाबा गेल्यापासून प्रयोगशाळेतली त्यांची खुर्ची कुणी हलवलेली नाही. मी शेजारच्या स्टुलावर बसते. टेकडीच्या खनिजात कोबाल्ट आहे, हे त्यांनी शेवटच्या काही महिन्यांत दाखवून दिलं होतं. आता तिथे खोदाई सुरू व्हायची होती, खाणीला त्यांचं नाव द्यायचंही घाटत होतं. त्याआधीची फेरतपासणी माझ्याकडे आली.

त्यांनी ठेवलेल्याच दगडांचे तुकडे घेतले. त्यांनी शिकवलं होतं तसे अकिकाच्या दगडी खलात हाताने घोटले. खांदे भरून आले. पुडीची वडी दाबून क्ष-किरण यंत्रात ठेवली. क्ष-किरण पडले की प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या किरणांनी ओळख देतो. लोखंड दिसलं, मँगनीज दिसलं. कोबाल्टचा पत्ता नाही.

मग बाबांनी केलेली वडी ठेवली. कोबाल्ट होता. सोबत टंगस्टनही होतं, आणि ते त्या टेकडीत असायचं काही कारण नव्हतं. आमच्या दळणयंत्राचं भांडं मात्र टंगस्टन कार्बाइडचं आहे. त्याचे कण घट्ट बांधायला कोबाल्ट घालतात. दळताना भांडंही किंचित झिजतं. खात्रीसाठी त्यात स्वच्छ गारगोटी दळून पाहिली. तिच्यातही दोन्ही निघाले.

मला त्या भांड्याजवळ फिरकू न देणाऱ्या बाबांनी स्वतः ते वापरलं होतं.

संध्याकाळी काका घरी आले होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "यंत्र आता माझ्या भावापेक्षा शहाणं झालं का?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "जरा सांभाळून लिही गं. तो काही उत्तर द्यायला येणार नाही."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "हात थरथरायचे त्यांचे. खल धरवत नसेल. शर्टाची बटणं मीच लावायचे. तुला सांगू नको म्हणाले होते."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"उद्या अहवाल द्यायचाय," मी म्हणाले.

"दे की. जे निघालं ते लिही." तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. "फक्त हातांचं लिहू नकोस."

सकाळी लिहिलं: आधीचा नमुना दळणयंत्रात दळलेला होता, कोबाल्ट भांड्यातून आला, टेकडीत तो आढळत नाही. खाली सही केली आणि कागद वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात देऊन आले.