तीन रिकाम्या खाचा

मित्रांनो, आधी हात धुऊन या. धुतलेत? मग नीट पुसाही. ओल्या हातांची मला शिसारी येते. मी एक जुनी लाकडी पेटी आहे, पेस्टल खडूंची. माझ्या पोटात कापसाच्या गादीवर अठ्ठेचाळीस खाचा आहेत आणि एकेका खाचेत एकेक रंगाची कांडी. म्हणजे एके काळी होती. आता पंचेचाळीस उरल्या आहेत. बाकीच्या तिघी कुठे गेल्या, ते मी तुम्हाला सांगणार आहे. सांगताना मी मधूनमधून नाक मुरडेन. माझा स्वभावच तसा आहे, आणि या गोष्टीत नाक मुरडण्यासारखं पुष्कळ आहे.

माझा जन्म फार स्वच्छ जागी झाला. रंगाची पूड, खडूची भुकटी आणि जरासा डिंक मळून माझ्या कांड्या वळल्या गेल्या आणि सावलीत वाळल्या. तिथे कोणाला शिंक आली तर तो बाहेर जाऊन शिंकत असे. मला वाटलं, सगळं जग असंच असेल. पुढे मी एका वह्यापेन्सिलींच्या दुकानात गेले आणि माझा भ्रम फिटला. दुकानदाराने मला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. तो रोज दुपारी आपला उष्टा डबा माझ्यावर ठेवत असे. दोन वर्षं मी त्याच्या तेलाचा वास सोसला. माझ्या झाकणावर तो गोल डाग अजून आहे.

मग एके दिवशी एक बाई आल्या. तोंडावर हात ठेवून बोलत होत्या. त्यांनी मला खाली काढायला लावलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाल्या, "आमच्या ह्यांना हवी आहे. कामाच्या चिठ्ठ्यांच्या मागे पेन्सिलीने चित्रं काढत बसतात." रुमालाने पुसणारी बाई पाहून मला बरं वाटलं. चला, सुटले एकदाची!

कसली सुटका! त्यांच्या घराची पुढची खोली पाहिली आणि मी झाकण घट्ट आवळून धरलं. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. लोकांच्या तोंडांचे साचे ते. कुठे दोन दात, कुठे पाच, कुठे नुसत्या हिरड्या. टेबलावर वितळलेलं मेण, गुलाबी पूड आणि तिच्यात कालवायच्या पाण्यासारख्या औषधाचा उग्र वास. बाईंचे यजमान कवळ्या बनवत. गल्लीतली मुलं त्यांना कवळीकाका म्हणत, म्हणून बाईही सगळ्यांच्या काकू झाल्या. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि काका त्यावरून परक्या माणसांच्या तोंडात बसतील असे दात घडवत. असल्या खोलीत माझी स्थापना झाली!

काकांच्या सवयी तर विचारू नका. ते कांडी घासून झाली की कागदावर तोंडाने फुंकर मारत. करंगळीने रंग पसरवत आणि मग त्याच करंगळीने कान खाजवत. निळा हात पिवळ्या कांडीला लावत. महिन्याभरात माझ्या सगळ्या कांड्या एकाच मळक्या रंगाच्या दिसू लागल्या. मग ते काकूंच्या डब्यातले मूठभर तांदूळ आणत आणि कांड्या त्यात घोळवून स्वच्छ करत. काकू ओरडत, "अहो, पुन्हा माझे तांदूळ? काल भात जांभळा झाला होता!" ते जांभळे तांदूळ या माणसाने परत डब्यात टाकले होते, मित्रांनो. मला सांगा, काय म्हणावं?

पण एक गोष्ट मी मान्य करते. काका चित्रं मन लावून काढत. ते कोणी मोठे चित्रकार नव्हते. कधी कोणाकडे शिकलेही नव्हते. दुपारी काम आटोपलं की ते मला मागच्या अंगणात नेत आणि जे आवडतं तेच काढत. पोचे पडलेली किटली, दाराशी काढून ठेवलेल्या काकूंच्या चपला, एका कानाचा कुत्रा ढोल्या. फोटोवरून ते कधीच काढत नसत. "समोर असलं की त्याचं सगळं दिसतं," ते म्हणत. ढोल्याच्या तुटक्या कानाची कड त्यांनी सहा वेळा काढली आणि सहाही वेळा खरी काढली. त्या कुत्र्याची लाळ माझ्या झाकणावर पडे, ती निराळी.

काका काकूंचे हात काढत, पाठ काढत, वाटाणे सोलताना खाली गेलेली मान काढत. चेहरा मात्र काढू देत नव्हत्या त्या. काकूंचे सगळे दात गेले होते. काकांनी त्यांना तीन कवळ्या करून दिल्या होत्या. बाहेर जाताना काकू कवळी लावत, घरात आल्या की काढून वाटीत ठेवत आणि हसू आलं की तोंडावर हात धरत. तो हात इतका सवयीचा झाला होता की कवळी लावलेली असली तरीही तो वर जाई.

एकदा ढोल्याने काकांच्या टेबलावरचा एक प्लॅस्टरचा जबडा पळवला आणि तो अंगणभर ऐटीत मिरवू लागला. काकू हसता हसता खालीच बसल्या. हात तोंडावर न्यायचं त्यांना भान राहिलं नाही. काकांनी तो उघडा, बोळका, डोळ्यांच्या कडांपर्यंत गेलेला चेहरा पाहिला आणि म्हणाले, "अगं, मला हे काढायचंय. हेच!"

"छे! बोळकं तोंड काय काढायचंय?"

"मला आवडतं ते."

सात दुपारी गेल्या. पहिल्या तीन दुपारी काकूंचा हात तोंडावरच होता. काकांनी तोवर चित्रातले केस काढले, कपाळ काढलं. चौथ्या दुपारी हात खाली आला. त्या दिवशी माझी गुलाबी कांडी निम्मी झिजली. हिरड्यांचा गुलाबी काकांइतका कोणाला ठाऊक असणार? सातव्या दुपारी काकू उठून चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"मी अशी हसते?"

"अशीच."

"बरी दिसते की हो मी!" काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "वाचनालयात हौशी लोकांचं प्रदर्शन आहे ना? हेच द्या. आयुष्यभर तोंड झाकलं. आता पुरे झालं."

मित्रांनो, त्या दिवशी काकांचे हात मळके होते, ढोल्या माझ्या अंगावर शेपटी झाडत होता, आणि मला कशाचंही काही वाटलं नाही. असा माझ्या आयुष्यातला तो एकच दिवस.

दुसऱ्याच सकाळी दातांचे डॉक्टर आले. प्रदर्शनाचे प्रमुख तेच होते. अंगाला अत्तर, बोटं स्वच्छ, नखं कापलेली. मला वाटलं, अखेर एक नीटनेटका माणूस भेटला. काकू तेव्हा भाजी आणायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी चित्र पाहिलं आणि तोंड भरून कौतुक केलं. मग आवाज खाली आणला.

"काका, एक सुचवू? दात घाला की यांना."

"दात?"

"बघा, लोक येणार. म्हणणार, कवळ्या करणाऱ्याच्या बायकोलाच दात नाहीत! तुमचं हसं, माझंही हसं. आणि काकूंना काय वाटेल, चारचौघांत असं तोंड? मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"तिनेच द्या म्हटलंय, डॉक्टर."

"बायका म्हणतात हो. मनातून कोणाला सुंदर दिसायचं नसतं?"

काका घुटमळले. डॉक्टर त्यांना काम देणारे होते, आणि शिवाय शेवटचं वाक्य त्यांना खरं वाटलं. तोच घोळ झाला. डॉक्टर गेले आणि काकांनी मला उघडलं. हस्तिदंती कांडी घेतली, फिकी पिवळी घेतली, करडी घेतली. दात कधी पांढरेशुभ्र नसतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. अर्ध्या तासात त्यांनी त्या हसऱ्या तोंडात एकेक दात बसवला. इतके हुबेहूब दात मी कधी पाहिले नव्हते. सगळ्या चित्रात तेच सर्वांत सफाईने काढलेले होते, आणि त्यांची मला जी किळस आली ती उष्ट्या डब्याची आली नव्हती, लाळेची आली नव्हती, त्या जबड्यांचीही आली नव्हती. माझ्याच तीन कांड्यांनी ते केलं होतं! वर काकांनी डॉक्टरांनी जाताना दिला होता तो रंग पक्का करायचा फवारा मारला. एरवी फवाऱ्याने रंग मरतो म्हणून ते त्याला हात लावत नसत. चित्र कागदात गुंडाळून त्याच दिवशी वाचनालयात पोचवलं. काकूंना म्हणाले, "तिथेच बघ. गंमत आहे."

प्रदर्शनात चित्रांजवळ चित्रकारांचं साहित्य मांडायचं होतं, म्हणून मीही तिथे टेबलावर होते. काकू आल्या त्या कवळी घरी ठेवून आल्या. मित्रांनो, हे लक्षात घ्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या कवळीशिवाय, हात खाली ठेवून घराबाहेर पडल्या होत्या. चित्रात होत्या तशाच.

लोक चित्राकडे पाहत होते, मग काकूंकडे पाहत होते आणि पटकन दुसरीकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, "या काकू! किती तरुण दिसताय बघा चित्रात!"

काकूंनी चित्र पाहिलं. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि तोंडावर बसला.

"ही कोण?" त्यांनी हाताआडून विचारलं.

"अगं, तूच," काका म्हणाले. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"तुम्हाला आवडतं म्हणाला होतात," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचीही किळस आली.

त्यानंतर काकूंनी घरातही कवळी काढली नाही. हिरड्या दुखल्या, सुजल्या, तरी काढली नाही. हसणंच थांबलं, त्यामुळे हात वर जायचा प्रश्न उरला नाही. प्रदर्शन आटोपून घरी आल्या आल्या काकांनी माझ्यातल्या त्या तिन्ही कांड्या उपटल्या आणि अंगणात भिरकावल्या. ढोल्याने त्या हुंगल्या, चघळल्या आणि थुंकल्या. मग काका चित्र घेऊन बसले. पावाच्या मऊ गराने त्यांनी दात टिपायचा प्रयत्न केला. एरवी पेस्टल असं निघतं. पण वर फवारा बसला होता. शेवटी त्यांनी मेण कोरायची सुरी घेतली आणि खरवडू लागले. चौथ्या दातालाच कागद फाटला. तोंडाच्या जागी नुसतं भोक पडलं. त्यांनी चित्र कपाटामागे सारलं आणि माझं झाकण लावलं.

पुढे आठ महिने मला कोणी उघडलं नाही. माझ्यावर प्लॅस्टरचं पोतं आलं. कापसाला बुरशी लागली. माझ्या आत एक झुरळ राहायला आलं आणि नांदलं. त्या झुरळाबद्दल मी याहून अधिक बोलणार नाही. काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत कवळ्या करत. डॉक्टरांना नुसतं "हो" आणि "उद्या देतो" एवढंच म्हणत.

मग एका दुपारी काकूंनी कपाट पुढे ओढलं. पडलेली सुई शोधत होत्या. मागे चित्र सापडलं. त्या ते घेऊन काकांच्या टेबलाशी आल्या.

"हे भोक कोणी पाडलं?"

"मीच," काका मान खाली घालून म्हणाले. "दात उपटायला गेलो. कागदच फाटला."

"दात बसवणं तुमचं काम. उपटायला कशाला गेलात?"

"मला ते नको होते. मी का घातले, मला अजून कळत नाही. मला तुझं ते तोंडच आवडतं गं. मी गाढव आहे."

काकूंनी त्या भोकातून काकांकडे पाहिलं. एक डोळा भोकाला लावला होता, खरंच. काका तसेच रडवेले बसले होते, गालाला गुलाबी पूड लागलेली. आणि काकूंना हसू फुटलं. थांबेना. हसता हसता कवळी सुटली, घशाशी आली, ठसका लागला. त्यांनी झटकन कवळी काढली. ठेवायला वाटी जवळ नव्हती. त्यांनी माझ्यावरचं पोतं ढकललं, झाकण उघडलं आणि ती ओली, लाळेने माखलेली कवळी माझ्या तीन रिकाम्या खाचांत कापसावर ठेवून दिली.

शी! शी! शी! माझ्या आयुष्यात असलं काही झालं नव्हतं.

"कशाला बघत बसलात?" काकू म्हणाल्या. हात खाली होता. "काढा की! कागद घ्या. आणि या वेळी डॉक्टर आले तरी दार उघडायचं नाही."

काकांनी त्याच दुपारी चित्र काढलं. ते आता कामाच्या खोलीत, जबड्यांच्या फळीच्या वर, बरोबर दारासमोर लावलेलं आहे. डॉक्टर आले की ते आधी त्यांनाच दिसतं. पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं तेव्हा काका म्हणाले, "ही माझी बायको, डॉक्टर. साचा त्या टेबलावर ठेवा."

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर तिला कोरडी ठेवा, तिच्यावर डबे आणि पोती ठेवू नका, झुरळ शिरू देऊ नका. आणि जे आवडतं ते आवडतं तसंच काढा. कोणाला बरं दिसावं म्हणून आपल्या माणसाला दुरुस्त करू नका. त्यासारखी ओंगळ गोष्ट मी दुसरी पाहिली नाही, आणि मी काय काय पाहिलं आहे ते तुम्ही ऐकलंच.

मला पुसायचं असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. झाकणावरचा तेलाचा डाग निघाला तर फारच उपकार होतील. आत कापसावर, तीन रिकाम्या खाचांत, एक कवळीच्या आकाराचा डाग दिसेल. त्याची मला अजून किळस येते. तो मात्र पुसू नका.